सागाची लागवड ताळेबंदात कशी घ्यायची: पहिल्यांदा हिशेब ठेवणाऱ्यांसाठी

सागाची जडी लावली त्या दिवशी पैसे गेले. पुढे निंदणी, जाळरेषा (आग रोखायचे मोकळे पट्टे), राखणदार यांच्यापायी ते दरवर्षी जातच राहतात, आणि येतात ते वीस-पंचवीस वर्षांनी, एकदम. मधल्या वर्षांत ताळेबंदात काय लिहायचं? नुसता झालेला खर्च दाखवला, तर बारा वर्षांचं उभं सागवान कवडीमोल दिसतं. बाजारभावानं दाखवलं, तर हातात दमडी न येता नफा दिसायला लागतो, आणि संचालक मंडळात कुणीतरी लाभांशाचा विषय काढतो.

हा लेख अशा लागवडीचं खातं पहिल्यांदाच हातात आलेल्या लेखापालासाठी आणि आर्टिकलशिप करणाऱ्यांसाठी आहे. चौकट भारतातली आणि उदाहरण विदर्भातल्या सागाचं घेतलं आहे. निलगिरी, सुबाभूळ, मिलिया यांनाही रीत तीच लागू पडते. या विषयावर मिळणारं बरंचसं लिखाण मोठ्या कागद कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. त्यांच्याकडे वाढीचे तक्ते, नकाशे आणि स्वतःचे वनतज्ज्ञ असतात. आपल्याकडे बहुतेक वेळा एक जुनी फाइल असते, एक सातबारा असतो आणि "साहेब, पंधरा हजार झाडं आहेत" असं सांगणारा राखणदार असतो. सुरुवात तिथूनच करायची आहे.

आधी ठरवा, कोणता नियम लागू

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, किंवा तिची नेटवर्थ २५० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर इंड एएस (भारतीय लेखा मानकं) लागू होतात. अशा कंपनीची होल्डिंग, उपकंपनी, सहयोगी कंपनीही त्यातच येते. २०१५ मध्ये अधिसूचित झालेलं इंड एएस ४१ हे शेतीसाठीचं मानक आहे. ते आंतरराष्ट्रीय आयएएस ४१ वरून घेतलेलं आहे. गाभा एवढाच: वाढवून कापायची झाडं ही जैविक मालमत्ता आहे, ती फेअर व्हॅल्यूतून (आज बाजारात मिळेल त्या किमतीतून) विक्रीखर्च वजा करून मोजायची आणि दर वर्षीचा फरक थेट नफा-तोटा पत्रकात न्यायचा.

छोट्या कंपन्यांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही, जुनी लेखा मानकं (एएस) लागू आहेत. त्यांत शेतीसाठी वेगळं मानक नाही. इमारती-यंत्रांसाठीच्या एएस १० मध्ये फळझाडांसारखी वर्षानुवर्षं उत्पन्न देणारी झाडं येतात, पण कापायचं लाकूड त्यातून वगळलेलं आहे. त्यामुळे व्यवहारात खर्च साठवत जायचा आणि मूल्य घटल्याची चिन्हं दिसली तर तो कमी करायचा, हीच रीत आहे. तुम्ही या गटात असाल तर खालचं डिस्काउंट दराचं (पुढे मिळणाऱ्या पैशांचं आजचं मूल्य काढायच्या दराचं) प्रकरण नुसतं चाळलंत तरी चालेल. मोजणीचं मात्र नीट वाचा, कारण आग लागल्यावर किंवा बँकेनं तारण मागितल्यावर तेच कामी येतं.

सरकारी संस्थांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर इप्सास २७ हे मानक आहे. छोट्या उद्योगांसाठीच्या आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय मानकात फेअर व्हॅल्यू सहज काढता येत नसेल तर खर्चावर थांबण्याची मुभा आहे. आफ्रिकेतल्या किंवा आशियातल्या इतर देशांत काम करणाऱ्यांना या दोन्हींची गाठ पडते.

झाड नक्की कुणाचं?

पुढचं काहीही करण्याआधी कागद काढा. जमीन मालकीची आहे की भाडेपट्ट्याची? पट्ट्याची असेल तर मुदत संपण्याआधी झाडं कापून होतील का? सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का? तोडीच्या परवानगीच्या वेळी हा प्रश्न येतोच येतो, आणि तेव्हा नोंद नसेल तर तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या सुरू होतात.

कागद कारखाने शेतकऱ्यांना निलगिरी-सुबाभळीची क्लोन रोपं देतात आणि माल घेण्याचा करार करतात. आंध्र-तेलंगणात भद्राचलमच्या कागद गिरणीभोवती हे मोठ्या प्रमाणावर चालतं. या करारात रोपं कारखान्याची असली तरी झाड शेतकऱ्याचं. जमीन त्याची, मशागत त्याची आणि नुकसानही त्याचं. कारखान्याच्या ताळेबंदात ती झाडं येत नाहीत. फार तर रोपांसाठी दिलेली उचल येणं म्हणून येईल. "आमच्याकडे एवढे हजार हेक्टर लागवड आहे" असं वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत पानांवर छापलेलं असलं, तरी ताबा कुणाचा ते पाहूनच आकडा घ्या.

निसर्गतः उगवलेलं जंगलही इथे बसत नाही. मानकात शेतीची व्याख्या आहे ती जैविक वाढीचं व्यवस्थापन करण्याची. आपोआप आलेली झाडं नुसती तोडून विकणं म्हणजे शेती नव्हे. गंमत म्हणजे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये राजा बिनॉयकुमार साहस रॉय यांच्या आयकर खटल्यात जवळपास हीच रेघ ओढली होती: नांगरट, पेरणी, लावणी अशी मूळ कामं जमिनीवर झाली असतील तरच ते शेती उत्पन्न. आपोआप वाढलेल्या जंगलाची नुसती निगा राखणं पुरेसं नाही. तेव्हा लागवडीच्या वर्षाची खड्डे खोदल्याची हजेरीपत्रकं आणि रोपवाटिकेची बिलं कितीही जुनी असली तरी टाकून देऊ नका. ती करासाठी आणि लेख्यांसाठी दोन्हीकडे पुरावा आहेत.

कापायचं झाड की राखायचं झाड

रबर, नारळ, आंबा, चहा यांचं झाड उत्पन्न देत राहतं आणि झाड म्हणून विकलं जाण्याची शक्यता नगण्य असते. अशी झाडं यंत्रासारखी धरून इंड एएस १६ खाली जातात आणि त्यांच्यावर घसारा काढला जातो. आधी असं नव्हतं, तीही फेअर व्हॅल्यूलाच होती. पाम तेलाच्या मोठ्या लागवडी असलेल्या मलेशियानं या नियमाला बराच विरोध केला. २०१४ मध्ये आयएएस ४१ बदललं, आणि भारतानं २०१५ मध्ये बदललेलंच मानक उचललं.

साग हे सरळ कापायचं झाड. बांबूचं प्रकरण वेगळं आहे. बेट जमिनीत राहतं आणि काठ्या दरवर्षी निघतात, म्हणून बेट राखायचं आणि वाढती काठी ही उपज, असं धरणं मला सयुक्तिक वाटतं. निलगिरी कापल्यावर बुंध्याला फुटवे येतात आणि त्यातून आणखी दोन-तीन पिकं घेतात, तेव्हा बुंध्याबद्दलही हाच वाद निघतो. धोरण एकदा ठरवा, ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये लिहा आणि दरवर्षी बदलू नका. आणि फळ आणि लाकूड अशा दोन्हींसाठी लावलेलं झाड, समजा फणस, हे राखायच्या गटात बसत नाही. ते पूर्णच्या पूर्ण इंड एएस ४१ मध्ये येतं.

टेप घेऊन आत जा

इथे घाई करू नका. लागवडीच्या हिशेबात जे मोठे घोटाळे झाले ते सूत्रांमुळे नाही, झाडांमुळे झाले. टोरांटोच्या शेअर बाजारात नोंदलेली साइनो-फॉरेस्ट ही चीनमधल्या लागवडींची कंपनी घ्या. जून २०११ मध्ये मडी वॉटर्स या संस्थेनं तिच्यावर अहवाल काढला. कंपनी म्हणते तेवढी झाडं आहेत का आणि असली तर ती कंपनीची आहेत का, हे कागदांवरून सिद्धच होईना. २०१२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचं संरक्षण घेतलं आणि २०१७ मध्ये ओंटारियोच्या रोखे नियामकानं फसवणुकीचा निष्कर्ष काढला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात सागाच्या नावानं युनिट विकणाऱ्या कंपन्या गल्लोगल्ली होत्या. त्यातूनच १९९९ मध्ये सेबीचे सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आले. त्या जाहिरातींतले आकडे आठवणारे लोक अजून आहेत, त्यामुळे "सागाची लागवड" म्हटलं की ऑडिटरच्या भुवया उंचावतात. त्यांना दोष देता येत नाही.

मोजणी जानेवारी-फेब्रुवारीत करा. साग पावसाळ्यात वाढतो, हिवाळ्यात पानं गाळतो. विदर्भात कोरड्या दिवसांत वाढ जवळजवळ थांबते, म्हणून जानेवारीतला घेर ३१ मार्चला चालतो. पानं गळाल्यामुळे झाडाचा बुंधा वरपर्यंत दिसतो आणि आगीचा हंगाम भरात आलेला नसतो. मार्चअखेरीस घाईघाईनं माणसं पाठवली की निम्मे आकडे टेबलावर बसून भरलेले निघतात.

आधी लागवडीचे गट पाडा: एकाच वर्षी, एकाच अंतरावर, एकाच प्रकारच्या जमिनीत लावलेला तो एक गट. नाल्याकाठची गाळाची जमीन आणि टेकाडावरची मुरमाड जमीन एकत्र करू नका, तिथल्या सागात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मग प्रत्येक गटात २० बाय २० मीटरचे नमुना तुकडे आखा. एक तुकडा ०.०४ हेक्टरचा होतो. १० हेक्टरात असे १२ तुकडे घेतले की ०.४८ हेक्टर, म्हणजे जवळपास पाच टक्के मोजणी झाली. तुकड्यांच्या जागा नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवा. राखणदाराला विचारून ठरवल्या की तो रस्त्याकडेची जाड झाडं दाखवणार, हे गृहीत धरा.

तुकड्यातलं प्रत्येक जिवंत झाड मोजा. घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. उतारावर वरच्या बाजूला उभं राहून उंची मोजायची. ज्या ठिकाणी टेप लावला तिथे रंगाचा पट्टा मारा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा माणूस आला तरी तिथेच मोजेल. दहा सेंटिमीटर वर-खाली टेप लावला तरी वर्षभराची वाढ दिसेनाशी होऊ शकते. मेलेली, वाकडी, शेंडा मोडलेली झाडं वेगळी लिहा. मूळ लागवड २ बाय २ मीटरवर असेल तर हेक्टरी २५०० रोपं होती. विरळणी आणि मर जाऊन आज किती उभी आहेत, हाच पहिला खरा आकडा. राखणदाराचे पंधरा हजार बहुतेक वेळा लागवडीच्या दिवशीचे असतात.

आता घनफळ. इथे एक खड्डा आहे आणि नवखा माणूस त्यात हमखास पडतो. आपल्याकडे गोल लाकूड चौथाई घेराच्या पद्धतीनं मोजून विकलं जातं: मधल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. तीन मीटर लांबीचा, ८० सेंटिमीटर घेराचा ओंडका घ्या. चौथाई ०.२० मीटर, वर्ग ०.०४, गुणिले ३, म्हणजे ०.१२ घनमीटर. तोच ओंडका गोल दंडगोल धरून भूमितीनं मोजला तर ०.१५३ घनमीटर भरतो. बाजाराची पद्धत सुमारे साडेएकवीस टक्के लाकूड धरतच नाही. वाढीच्या तक्त्यातलं घनफळ भूमितीचं आणि लिलावातला दर चौथाई घेराचा, अशी सरमिसळ झाली तर मूल्य सरळ २७ टक्क्यांनी फुगतं. दोन्ही आकडे कुठल्या मापात आहेत ते कागदावर लिहून घ्या, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांची सहीही घ्या. घेर सालीसकट की सालीविना, हाही प्रश्न तिथेच विचारून टाका.

दर कुठला धरायचा

सागाला बाजार आहे, पण आपल्या बारा वर्षांच्या सागाला नाही. वन विभागाच्या आणि वन विकास महामंडळाच्या आगारांत लिलाव होतात. बल्लारशाह, आल्लापल्लीचं नाव लाकूड व्यापाऱ्यांच्या तोंडी असतं. या लिलावांचे दर मिळवा, पण जसेच्या तसे लावू नका. तिथे विकला जाणारा बराचसा माल जास्त वयाच्या, जाड झाडांचा असतो. तुमच्या वीस वर्षांच्या, पाणी देऊन वाढवलेल्या सागात आतलं पक्कं लाकूड कमी आणि बाहेरचं पांढरं जास्त. दर घेरवर्गाप्रमाणे बदलतो आणि फरक टक्क्यांत नाही, पटींत असतो. म्हणून तुमच्या झाडांचा कापणीच्या वेळचा घेर ज्या वर्गात बसेल, त्याच वर्गाचा दर धरा. जवळच्या आरागिरण्यांत खाजगी लागवडीचा माल काय भावानं गेला, त्याची दोन-तीन बिलं मिळाली तर ती लिलावाच्या दरापेक्षा मोलाची.

दरातून काय काय वजा होतं ते नीट पाहा. आगारापर्यंतची वाहतूक फेअर व्हॅल्यू काढतानाच वजा होते. दलाली आणि बाजाराचे, सरकारचे विक्रीवरचे आकार हे विक्रीखर्च. व्याज आणि आयकर विक्रीखर्चात येत नाहीत. आणि पुन्हा लागवड करण्याचा खर्च या हिशेबात घ्यायचाच नाही, मानकात तसं स्पष्ट लिहिलं आहे. अनेक जण सावधपणा म्हणून तो घालतात आणि मूल्य उगाच कमी दाखवतात.

साग महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहे. परवानगीशिवाय तोड नाही, वाहतूक परवान्याशिवाय गाडी हलत नाही. हे बंधन झाडासोबत जातं, मालक बदलला तरी सुटत नाही, म्हणून घेणारा दर देताना ते धरणारच. कापणीचं वर्ष ठरवताना परवानगीला लागणारा वेळ त्यात घाला.

वर्तमान मूल्य: आकडा इथे बनतो

लावणीनंतरची पहिली काही वर्षं खर्च हीच फेअर व्हॅल्यू धरली तरी चालतं. जैविक बदल फारसा झालेला नसतो आणि मानकही ही सूट देतं. त्यापुढे मात्र भविष्यातल्या रोख प्रवाहांचं वर्तमान मूल्य काढावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. यातले दर निव्वळ समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्याही बाजाराचे नाहीत. १० हेक्टर साग, वय १२, कापणी वयाच्या विसाव्या वर्षी. तेव्हा विक्रीयोग्य ६००० झाडं, झाडामागे सरासरी ०.१५ घनमीटर, म्हणजे ९०० घनमीटर. दर घनमीटरला ३०,००० रुपये धरला तर २ कोटी ७० लाख. तोड आणि वाहतूक घनमीटरला ३,००० रुपये, म्हणजे २७ लाख. दलाली पाच टक्के, साडेतेरा लाख. उरले २ कोटी साडेएकोणतीस लाख, पण आठ वर्षांनी.

तोवर दरवर्षी निगराणीचे ३ लाख जाणार. शिवाय जमीन तुमची असली तरी झाडांनी ती अडवलेली आहे, म्हणून जमिनीचं कल्पित भाडं वर्षाला २ लाख धरा. हे भाडं कुणाला द्यायचं नसतं, खात्यात त्याची नोंदही होत नाही. पण ते वजा केलं नाही तर जमिनीची किंमत झाडांच्या किमतीत शिरते आणि तीच जमीन ताळेबंदात दुसरीकडेही दिसते.

बारा टक्के दरानं आठ वर्षांनंतरच्या २२९.५ लाखांचं आजचं मूल्य ९२.६९ लाख. दरवर्षीच्या ५ लाखांचं आजचं मूल्य २४.८४ लाख. फरक ६७.८५ लाख. हीच ताळेबंदातली लागवड.

आता दर बदलून पाहा. दहा टक्क्यांनी तीच लागवड ८०.३९ लाखांची होते, चौदा टक्क्यांनी ५७.२६ लाखांची. झाडं तीच, माती तीच. लाकडाचा दर दहा टक्क्यांनी उतरला तर मूल्य ५७.४९ लाखांवर येतं, म्हणजे पंधरा टक्के घट, कारण तोडीचा आणि निगराणीचा खर्च दराबरोबर खाली येत नाही. संचालकांना हवा तो आकडा काढायचा असेल तर तो डिस्काउंट दरातूनच निघतो, आणि त्यासाठी कुणाला खोटं बोलावंही लागत नाही. म्हणून दर कशावरून घेतला याचं एक पानी टिपण आकडा काढण्याआधी तयार करा आणि त्यावर तारीख घाला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा, त्यावर आग, कीड, चोरी, परवानगी यांच्या जोखमीचा अधिभार, एवढं तरी त्यात हवं.

अजून दोन गोष्टी सांभाळा. लाकडाचा भाव आजचाच स्थिर धरला असेल तर दरही महागाई वगळलेला हवा. भावात दरवर्षी वाढ धरली असेल तर दर महागाईसकट. एकीकडे आजचा भाव आणि दुसरीकडे बँकेच्या कर्जाचा दर अशी जोडी लावली की लागवड आहे त्याहून खूप स्वस्त दिसते. करांचंही तसंच. कराचे प्रवाह वगळायचे अशी अट इंड एएस ४१ मध्ये होती, ती २०२२ मध्ये काढून टाकली. आता करपूर्व प्रवाहांना करपूर्व दर, करोत्तर प्रवाहांना करोत्तर दर लावायचा.

पुढच्या वर्षी काय होतं

वर्ष उलटलं, वय १३, कापणीला सात वर्षं. बाकी सगळं तसंच धरलं तर मूल्य ८०.९९ लाख होतं. वाढ १३.१४ लाख. वर लाकडाचा दर पाच टक्क्यांनी चढला असेल तर ८६.८० लाख, म्हणजे आणखी ५.८१ लाख. एकूण १८.९५ लाख जैविक मालमत्ता खात्यात नावे, आणि तेवढेच फेअर व्हॅल्यूतील बदल म्हणून नफा-तोटा पत्रकात जमा.

हे दोन भाग वेगळे दाखवा. मानक सक्ती करत नाही, फक्त सुचवतं, पण माझं मत विचाराल तर याशिवाय टिप वाचण्यात अर्थ नाही. पहिला भाग झाडं वर्षभर जगली, वाढली आणि कापणी एक वर्षानं जवळ आली याचा आहे. दुसरा भाग बाजारानं दिला आणि पुढच्या वर्षी परत घेईल. दोन्ही एका ओळीत आले की चांगल्या भावाच्या वर्षात मरतुकीचा आकडा झाकला जातो.

निगराणीचे ३ लाख खर्चात टाकायचे की मालमत्तेत मिळवायचे, याबद्दल मानक गप्प आहे. कसंही केलंत तरी निव्वळ परिणाम तोच, १५.९५ लाख. खर्चात टाकणं सोपं, आणि खर्चावर नजरही राहते.

ताळेबंदात यासाठी वेगळी ओळ आहे: कंपनी कायद्याच्या अनुसूची तीनमध्ये, इंड एएसवाल्या विभागात, बेअरर प्लांट (वर सांगितलेली राखायची झाडं) सोडून इतर जैविक मालमत्ता. ती मालसाठ्यात घालू नका. झाड कापलं की त्या क्षणाच्या मूल्यानं लाकूड मालसाठ्यात जातं आणि पुढे इंड एएस २ लागतं. रोख प्रवाह पत्रकात नफ्यातून १८.९५ लाख वजा करायला विसरू नका.

आणि लाभांश? कंपनी कायद्याचं कलम १२३ सांगतं की लाभांशासाठी नफा मोजताना न मिळालेला, कल्पित नफा आणि फेअर व्हॅल्यूमुळे झालेला बदल वगळायचा. हा परिच्छेद छापून सभेला न्या, बरीच चर्चा वाचते. शेती उत्पन्न म्हणून लाकडाचं उत्पन्न करमुक्त ठरत असेल तर या वाढीवर पुढे ढकललेला करही येत नाही. पण ते कसं ठरलं याचा कागद करसल्लागाराकडून घेऊन ठेवा.

अनुदान, आग आणि बाकीचं

लागवडीसाठी सरकारी अनुदान मिळालं आणि त्याला अट नसेल, तर ते मिळण्याचा हक्क निर्माण झाला की उत्पन्नात घ्या. अमुक वर्षांनी इतके टक्के झाडं जिवंत हवीत अशी अट असेल, तर ती पूर्ण होईपर्यंत ते देणं म्हणूनच राहील. नमुना तुकड्यांची मोजणी इथेही लागते.

आग ३१ मार्चच्या आत लागली तर नुकसान त्याच वर्षात. १२ एप्रिलला लागली तर आकडा बदलायचा नाही, पण नुकसान मोठं असेल तर टिपांमध्ये घटनेची माहिती आणि अंदाजे रक्कम द्यायची. विदर्भात एप्रिल-मे हा वणव्याचाच काळ, त्यामुळे ताळेबंदावर सही होण्याआधी जागेवर फोन करून विचारा आणि विचारल्याची नोंद ठेवा. किडीचं थोडं वेगळं आहे. पानं खाणाऱ्या अळीनं सागाची झाडं उघडी पडली तरी ती सहसा मरत नाहीत, फक्त त्या वर्षाची वाढ बुडते. तो परिणाम पुढच्या मोजणीत घेरात दिसतो, वेगळा तोटा लिहायची गरज नाही.

काही वेळा खरोखरच फेअर व्हॅल्यू काढता येत नाही. नवी जात आहे, बाजारच नाही, वाढीचा तक्ता कुठेच मिळत नाही. तेव्हा खर्चातून घसारा आणि मूल्यघट वजा करून दाखवायची मुभा आहे. पण ती पहिल्या नोंदीच्या वेळीच घ्यावी लागते. एकदा फेअर व्हॅल्यूवर गेल्यावर, भाव पडला म्हणून परत खर्चावर येता येत नाही.

ऑडिटरसमोर ठेवायची फाइल

नकाशा आणि गटांची यादी. सातबारे, भाडेपट्टे. नमुना तुकड्यांचे मूळ फॉर्म, ज्यांवर मोजणाऱ्याची सही आहे तेच, संगणकावर पुन्हा टंकलेले नव्हेत. घनफळ कुठल्या पद्धतीचं ते लिहिलेलं पान. लिलावाचे दर आणि आरागिरणीची बिलं. डिस्काउंट दराचं टिपण. बाहेरचा मूल्यांकनकार नेमला असेल तर त्याचा अहवाल, आणि त्याला तुम्ही कोणते आकडे पुरवले त्याची यादी. ऑडिटर एसए ५०० या ऑडिटच्या मानकाप्रमाणे कंपनीनं नेमलेल्या तज्ज्ञाचं काम तपासताना नेमकं हेच मागतो, कारण मूल्यांकनकार बहुधा झाडं मोजत नाही, तुम्ही दिलेली संख्या पुढे गुणतो.

टिपांमध्ये हेक्टर, झाडांची संख्या आणि घनफळ द्या. वर्षारंभीच्या मूल्यापासून वर्षअखेरच्या मूल्यापर्यंतचा तक्ता द्या: लागवड, वाढ, दरबदल, तोड, नुकसान. हे मूल्यांकन फेअर व्हॅल्यू मोजण्याच्या इंड एएस ११३ च्या तिसऱ्या स्तरात येतं, म्हणजे मुख्य आकडे बाजारात दिसत नाहीत. म्हणून डिस्काउंट दर आणि लाकडाचा दर बदलला तर मूल्य कसं हलेल तेही सांगावं लागतं. वरच्या उदाहरणातले ८०.३९, ५७.२६ आणि ५७.४९ हे आकडे त्यासाठीच काढले होते.

पहिल्या वर्षी हे सगळं जमवायला वेळ जातो. ऑक्टोबरमध्येच गटांचे नकाशे काढून ठेवलेत, तर जानेवारीत माणसं थेट तुकडे आखायला जाऊ शकतात.